कूलरवरचं ओलं पोतं

२६ एप्रिल २०२४, शुक्रवार

बाजारातून आणलं: कूलरच्या जाळीत भरायची घास तीन बाजूंची, १८० रुपये. पाण्याचा पंप २४० (दुकानदार २८० म्हणत होता). बाजरी दोन किलो, ७०. मातीचं परळ एक, १५. कापूर-उदबत्ती मिळून ४५.

यातली घास आणि पंप पिशवीतच पडून आहेत. ऋषीने सकाळी वरच्या खोलीचा कूलर साफ करायला गच्चीवरून मागची जाळी काढली, तर आत होल्याचं घरटं. घरटं कसलं, आडव्यातिडव्या टाकलेल्या काड्या. त्यावर दोन पांढरी अंडी आणि अंड्यांवर मादी. पारव्याहून लहान, मातकट रंगाची, मानेखाली काळी नक्षी. उडाली नाही. नुसती बघत राहिली. बाळंतिणीची नजर.

ऋषी म्हणाला, "आई, उचलून शेजारच्या लिंबावर ठेवतो."

मी म्हटलं, हात लावशील तर बघ. घरात सून पोटुशी आहे. अशा घरात घरटं मोडत नाहीत, खिळा ठोकत नाहीत, सुरी भोपळ्याला लावत नाहीत. गेल्या वर्षी याने ऐकलं नाही. टाकीसाठी भिंत फोडायला माणसं आणली, आठ दिवस घण पडले, आणि दीपालीचं तिसऱ्या महिन्यात गेलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, असं होतं पुष्कळ जणींचं. त्यांना काय, त्या रोज बघतात.

हे खालून ओरडले, "म्हणजे यंदा कूलर होल्यांना भाड्याने दिला म्हणायचं! डिपॉझिट घेतलं का?" यांना सगळ्यात गंमत.

दीपालीला सातवा लागला आहे. ती म्हणाली, "राहू द्या ना आई. पंखा आहे." समजूतदार पोर आहे.

२ मे, गुरुवार

रोज सकाळी पूजा झाली की गच्चीवर जाते. गुडघे कुरकुरतात, म्हणून दिवसातून एकदाच आणि ऊन चढायच्या आत. कठड्यावर मूठभर बाजरी, परळात पाणी. आधी नर येतो, मान खालीवर करतो, घुमतो, मग दाणे टिपतो. मादी त्याच्या पाळीवर उतरते. आज ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी देवीचं नाव घेत उभी राहिले.

इच्छापूरच्या देवीला नवस बोलले आहे, सुखरूप सुटका होऊ दे, खणानारळाने ओटी भरीन, आणि ही जोडी माझ्या दारातून उपाशी जाणार नाही.

६ मे, सोमवार

रात्री जेवताना ऋषीने दुसरा कूलर आणायची गोष्ट काढली. "प्लास्टिकचा छोटा मिळतो आई, शनवाऱ्याच्या बाजारात. साडेपाच हजारात." मी म्हटलं, घरात धडधाकट कूलर असताना दुसरा? दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, पिल्लं उडाली की तुझाच आहे. पुढे बाळंतपण आहे, बारसं आहे. शाळेत कारकुनी करून तुझं काय उरतं ते मी लिहिते, तू नाही लिहीत.

तो म्हणाला, "हद आहे आई. वर पत्र्याची भट्टी होते दुपारी. तू एकदा बसून तर बघ."

मी म्हटलं, आमच्या वेळी पंखासुद्धा नव्हता, तरी तू झालासच ना.

"तेव्हा पत्रे नव्हते, मातीचं धाबं होतं," हे मध्येच बोलले. यांना मुलाची बाजू घ्यायला आवडतं.

दीपाली ताटाकडे बघत होती. पोळी अर्धी टाकली. सातव्या महिन्यात अन्न वाया घालवलेलं मला आवडत नाही.

१० मे, शुक्रवार. अक्षय तृतीया, आपली आखाजी

पुरणपोळी, आमरस, कुरडया. घागर भरली, पूर्वजांना घास दाखवला.

मुक्ताईनगरहून दीपालीच्या आईचा फोन होता. आखाजीला लेक माहेरी हवी, महिनाभर ठेवून घेते, आमच्याकडे खालची खोली थंड आहे. मी म्हटलं, विहीणबाई, तुमच्याकडे यायचं तर तापी ओलांडावी लागते. पोटुशीने नदी ओलांडू नये. त्या म्हणाल्या, पूल आहे हो, पोहत नाही यायचं तिला. हसल्या, पण आवाजात हसू नव्हतं.

दीपाली स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. नंतर बराच वेळ मोरीत तोंड धुत होती. माहेरची आठवण येणारच. झोक्याची गाणी लागली होती शेजारी.

पिल्लं निघाली आहेत! दोन. अंगावर पिवळट केस, चोच केवढी मोठी. आखाजीच्या दिवशी घरात दोन जीव आले, याहून शकुन कोणता?

१५ मे, बुधवार

ऊन फार आहे. पिल्लं चोच उघडी टाकून धापा टाकत होती. माझा जीव थाऱ्यावर राहिना. कूलर लोखंडाचा, तापतो. जुनं गोणपाट भिजवून वरून घातलं, बाजूने उतरतं सोडलं. आत हात घालून बघितला, खरंच गार लागलं. दीपालीला सांगून ठेवलं, तू वरच असतेस, पोतं वाळलं की तांब्याभर पाणी शिंपडत जा. हो म्हणाली.

ती दुपारी खाली येऊन पडते कधी कधी, पण खाली हे असतात, कोणी ना कोणी येतं. सासऱ्यासमोर पाय पसरून कशी पडणार? मीच म्हटलं, आडवं व्हायचं तर वर जा बाई, मोकळी पड.

तिची पावलं सुजली आहेत. जोडवी निघत नाहीत, साबण लावून काढावी लागली. तपासणीच्या ताई आल्या होत्या. पाणी भरपूर प्या, गार जागी राहा, डोकं दुखलं तर लगेच सांगा, म्हणाल्या. सुजतातच पाय. माझेही सुजले होते.

१९ मे, रविवार. एकादशी

उपास. पिल्लांना पंख फुटले. बाजरी संपत आली, किलोभर मागवली. आता चार-पाच होले येतात, कोण कोणाचा कळत नाही, पण घरातली मादी मी ओळखते. तिच्या एका पायाला नख नाही.

कोकिळाबाई शेजारून म्हणाल्या, "काय कमलबाई, तुमची सून दिसत नाही. पाखरंच दिसतात."

मी म्हटलं, सून वर आराम करते. काम करू देत नाही तिला मी.

"आराम? त्या पत्र्याखाली?" म्हणाल्या आणि पापड वाळत घालायला लागल्या. लोकांना दुसऱ्याच्या घरात बघायची सवय.

२३ मे, गुरुवार

उडाली. आधी एक कठड्यावर बसलं, दुसरं पडतंय की काय असं वाटून मी पदर धरला. पण सावरलं. देवापुढे साखर ठेवली.

ऋषीला सांगितलं. तो मतमोजणीच्या तयारीच्या ड्यूटीत अडकला आहे, रविवारी घास बसवतो म्हणाला. दीपाली हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे दात दिसले.

२५ मे, शनिवार

आजपासून नवतपा, नऊ दिवस नुसती आग. सकाळी नऊलाच डोळे उघडवत नव्हते.

दाणे घालायला गेले तर नर एकटा. मनात काहीतरी आलं म्हणून पोत्याखाली वाकून बघितलं. मादी बसली होती. त्याच काड्यांवर. मी परळ हलवलं तशी थोडी सरकली. खाली नवं अंडं.

पोटाला मिळतंय, पाणी आहे, सावली आहे, म्हणून पुन्हा बसली. माझ्याच भरवशावर बसली. आता हिला कसं उठवू? आणि नेमकं आता, दीपालीला आठवा लागला असताना?

२६ मे, रविवार. संकष्टी

ऋषी पंप घेऊन वर निघाला. मी जिन्यातच गाठलं. म्हटलं, थांब, आहेत अजून आत.

"उडाली म्हणालीस ना?"

"आहेत," मी म्हटलं.

खोटं नाही बोलले. आहेत म्हणाले. कोण ते त्याने विचारलं नाही. पंप जिन्यावर ठेवून तो ड्यूटीवर गेला.

चंद्रोदयाला दीपालीला उपास सोडायला बोलावलं. तिला उपास करू नको सांगितलं होतं, पण म्हणाली, भूकच नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मी अमृतांजन दिलं.

२८ मे, मंगळवार. रात्र



दुपारी वर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. हे आधी धावले. यांना दम लागतो तरी. दीपाली गच्चीच्या दारात पडलेली, हातात तांब्या. पोत्यावर पाणी शिंपडायला उठली असणार. अंग तव्यासारखं. घाम नाही. डोळे अर्धवट.

यांनी ऋषीला फोन केला. तो आला, तिला खाली आणली, ओले पंचे घातले, रिक्षाने दवाखान्यात नेली, सलाईन लावून संध्याकाळी परत आणली. मग वर गेला. मी मागून जिना चढले, गुडघ्यांची पर्वा केली नाही. त्याने पोतं ओढून काढलं. आत बघितलं. अंडी बघितली.

"ही नवीन आहेत," म्हणाला. "आई, ही नवीन आहेत."

मी म्हटलं, ऋषी, तुझ्या पाया पडते.

त्याने सगळं घरटं एका मुठीत काढलं. अंडी कुठे पडली बघितलं नाही मी. मादी कठड्यावर बसून होती. तिने आवाजसुद्धा केला नाही. त्याने रात्री घास बसवली, पंप बसवला. कूलर चालू आहे. दीपाली वर झोपली आहे. मी देवापुढे दिवा लावून बसले आहे. देवा, याला माहीत नव्हतं, याला धरू नको.

१ जून, शनिवार. जळगाव

परवा पहाटे दीपालीचं पाणी गेलं. गावातल्या दवाखान्यात म्हणाले, बीपी फार आहे, बाळ लहान आहे, जळगावला न्या. अॅम्ब्युलन्सने आणली. तापीचा पूल आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. इच्छापूरला देवळाकडे हात जोडले, गाडी थांबली नाही.

मुलगी झाली. आठव्यात. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, असं सासूबाई म्हणायच्या. ते लिहायला नको होतं.

काचेच्या पेटीत ठेवली आहे. एकदाच लांबून दाखवली. लाल, पातळ कातडी, मिटलेले डोळे, अंगावर लव. मला दुसरंच काही आठवलं आणि मी तोंड फिरवलं.

५ जून, बुधवार. घरी

मला परत पाठवलं. काय झालं ते लिहून ठेवते, कारण हे विचारतात आणि माझ्याने सांगवत नाही.

व्हरांड्यात विहीणबाई रडत होत्या. मी त्यांना धीर द्यायला गेले होते. खरंच धीर द्यायला गेले होते. पण तोंडातून निघालं, "मी सांगत होते, घरटं मोडू नका. मोडलं, आणि दोनच दिवसांत बघा."

त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "कमलताई, त्या पाखरांवर तुम्ही ओलं पोतं घातलं होतं म्हणे. माझ्या लेकीवर काय घातलं?"

 चारचौघांत असं टाकून बोलायचं असतं का? ऋषी तिथेच उभा होता. एक शब्द आईच्या बाजूने बोलला नाही. म्हणाला, "बाबा एकटे आहेत. तू बसने जा." स्टँडवर सोडायलाही आला नाही.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली की दीपाली मुक्ताईनगरला जाणार. बाळ जगलं तर तेही. ऋषी तिकडूनच शाळेत ये-जा करेल म्हणतो.

९ जून, रविवार

फोन केला की विहीणबाई उचलतात. "झोपली आहे." कधी "दवाखान्यात आहोत." मग कट. ऋषी म्हणतो, नंतर बोलू. नंतर येतच नाही.

गच्चीवर गेले नाही त्या दिवसापासून. दाणे घातले नाहीत. ज्या घरात त्यांचं वाटोळं झालं तिथे कशाला येतील? त्यांचा तळतळाट लागलाय घराला. हे म्हणाले, "तळतळाट माणसाचा असतो कमल. पाखराला सवड नसते."

११ जून, मंगळवार

आज यांनीच ओढून अंगणात नेलं. "बघ, तुझे भाडेकरू."

विजेच्या मीटरवर, डब्याच्या आडोशाला. नर काडी आणत होता, मादी अंगाखाली दाबत होती. एका पायाला नख नाही. तीच. आमच्याच भिंतीवर. इकडे बघितलं, मान वाकडी केली, पुन्हा काडी दाबली.

राग नाही, काही नाही. ज्या हाताने घरटं काढलं त्या हाताच्या घरात पुन्हा येऊन बसली. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. डोक्यावर ऊन होतं. तळतळाट जर हिने दिला नाही, तर मग काय झालं होतं?

१३ जून, गुरुवार

काल दुपारी जेवण झाल्यावर वर गेले. हे म्हणाले, आत्ता कुठे? मी म्हटलं, येते.

कूलर बंदच होता. पंखा लावला. तिच्या पलंगावर बसले. खिडकी एकच, तिच्यात कूलर, वाऱ्याला वाट नाही. पंखा वरची आग खाली ओततो. उशी गरम. पलंगाचा कठडा धरवत नाही. थोड्या वेळाने कानात आवाज यायला लागला. मनात आलं, उतरावं. मग मनात आलं, तिला खाली कोणी बोलावलं होतं? म्हणून बसून राहिले. लुगडं अंगाला चिकटलं, मग घामही येईनासा झाला. पाणी प्यायला उठले तर भिंत धरावी लागली.

उशाशी जमिनीवर स्टीलची वाटी होती. तळाला बाजरी. मला कळेना, खोलीत बाजरी कशाला? तेवढ्यात गच्चीच्या दारातून होला चालत आत आला. उडत नाही, चालत. उंबऱ्यावर थांबला, मान हलवली, मग सरळ पलंगापाशी आला. रोजची वाट असल्यासारखा. माझ्याकडे बघितलं. ओळखीचं माणूस नाही असं बघून परत गेला.

म्हणजे भर दुपारी ती त्यांना खाऊ घालत होती. मला कधी बोलली नाही.

खाली उतरले तर यांनी लिंबूपाणी पुढे केलं. मी सगळं सांगितलं.  यांना गंमत सुचली नाही. मग म्हणाले, "तू बोलतेस तेव्हा बिघडतं. लिही. लिहिलेलं खोडता येतं."

लिहिलं. तीनदा खोडलं. टाकायच्या आधी इथे उतरवून ठेवते.

चि. दीपालीस अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून पाकिटावर तुझंच नाव घातलं आहे. तुझ्या आईने फोडलं तरी हरकत नाही, त्यांनीही वाचावं.

घरटं मोडल्याने काही झालं नाही. ती जोडी मीटरवर पुन्हा बसली आहे, सुखात आहे. त्या दिवशी व्हरांड्यात मी जे बोलले ते चूक होतं. तसं बोलायच्या आधी जे केलं ते त्याहून चूक. ऋषीने मला विचारलं तेव्हा मी 'आहेत' म्हणाले. ती नवी अंडी होती. मला माहीत होतं. तुला नव्हतं.

काल दुपारी तुझ्या खोलीत बसले. माझ्या पोटात कोणी नव्हतं, तरी मला बसवेना.

तुझी वाटी घासून ठेवली नाही. तशीच आहे. आज दुपारी मी दाणे घातले, पण होला माझ्याजवळ आला नाही, उंबऱ्यातूनच फिरला.

तू परत ये असं म्हणत नाही. खालची खोली मी रिकामी करते आहे, आम्ही दोघं पुढच्या खोलीत झोपू. तिथे दुसरा कूलर लावला आहे. ते तुझ्यासाठी आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

मला एवढंच विचारायचं आहे, ती पेटीतून बाहेर आली का? दूध ओढते का? आवाज करते का? नाव ठेवलं असेल तर नावही विचारत नाही, ते तुमच्याकडे राहू दे. आत आमचा पत्ता लिहिलेलं कोरं पोस्टकार्ड घातलं आहे. तिकीट लागणार नाही. बरं असेल तर 'बरं' एवढं लिही. बरं नसेल तरी लिही. काही न कळण्यापेक्षा ते बरं.

उलट टपाली कळव.

तुझी,
सासू कमल